पुढच्याची परतीची वाट मोकळी ठेवा

टीमने खेळायच्या शूटिंग गेममध्ये नवशिक्याला धास्ती असते ती आपल्याच माणसाला गोळी लागण्याची. काउंटर-स्ट्राइक 2 च्या कॉम्पिटिटिव्ह मोडमध्ये ती लागतेच, पण गोळीचा 33 टक्केच डॅमेज (नुकसान) जातो. हेल्मेट घातलेल्या टीममेटच्या डोक्यात एके-47 ची गोळी बसली, तर त्याच्या 100 हेल्थपैकी साधारण 35 जातात. तो चिडतो, तुम्ही सॉरी म्हणता, राउंड चालू राहतो. एचई ग्रेनेडला, म्हणजे स्फोटाच्या बॉम्बला, मात्र एवढी सूट नाही, तिथे 85 टक्के जातो. गर्दीत एचई टाकूच नका.

खरा घात एकही गोळी न झाडता होतो. टीममेट कोपऱ्यावर आहे, आडोशाची भिंत त्याच्या डावीकडे. तो उजवीकडे एक पाऊल टाकतो, दोन-तीन गोळ्या झाडतो आणि डावीकडे परततो. म्हणजे परतायचं ठरवतो, कारण तिथे भिंतीला खांदा लावून तुम्ही उभे असता. या मोडमध्ये टीममेट एकमेकांच्या आरपार जात नाहीत. तो डावीकडे जायची ‘ए’ की दाबून धरतो, जागचा हलत नाही आणि समोरच्याला फुकटचा हेडशॉट मिळतो. स्कोअरबोर्डवर तुमचं नाव कुठेच येत नाही, म्हणून ही खोड वर्षानुवर्षं सुटत नाही.

तेव्हा तो बाहेर पडण्याआधी एकच बघायचं: हा परत कुठे येणार? ती जागा रिकामी ठेवून दोन-तीन अंगांचं अंतर राखा. मदत करायची असेल तर तो बाहेर पडताच त्याच्याही पलीकडे, रुंद निघा. अर्धवट निघालात तर त्याच्याच पाठीत गोळ्या जातील.

एकाच अँगलवर, म्हणजे एकाच दिशेला नेम धरून, दोघं असाल तर पुढचा बसलेला, मागचा उभा. बसलेल्याने मध्येच उठायचं नाही. उठला तर डोकं थेट मागच्याच्या क्रॉसहेअरवर (नेमाच्या खुणेवर). फ्लॅशची, म्हणजे डोळे दिपवणाऱ्या ग्रेनेडची, सूचना फेकण्याआधी द्या. तो दीडेक सेकंदात फुटतो, नंतर ओरडून कोणाचे डोळे वाचत नाहीत.

हीच गोष्ट रणगाड्यांच्या गेमची: वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये 2019 पासून रँडम लढाईत आपल्या गोळ्यांनी साथीदाराचं नुकसान होत नाही, पण रणगाडा रणगाड्याला अडतोच. बऱ्याच जड रणगाड्यांचा रिव्हर्स ताशी 10-15 किलोमीटर. आधीच रांगत मागे येणाऱ्याच्या बुडाला चिकटलात तर तो टेकडीवरच संपला. दोन रणगाड्यांची जागा सोडा.

सुरुवातीला हे सगळ्यांकडून होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. व्हॉइसवर आरडाओरडा करणाऱ्या ‘गुरूं’ना खुशाल म्यूट करा, टीममेट कुठे आहे आणि कुठे बघतोय ते रडारवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) दिसतंच. नेमाचा सराव करून घेणाऱ्या एम ट्रेनरवर तासन्‌तास घालवून हा दोष जाणार नाही, त्यात टीममेटच नसतो. त्यापेक्षा हरलेल्या मॅचचा डेमो (रेकॉर्डिंग) लावा, मेलेल्या टीममेटच्या नजरेतून बघा, तो मरायच्या तीन सेकंद आधी थांबवा आणि तुम्ही कुठे उभे आहात ते शोधा.