गोव्यात कॉम्प्युटर जोडून ओव्हरक्लॉक करताय? या चुका टाळा

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं, शिकवणारे बहुतेक व्हिडिओ एसी लावलेल्या कोरड्या खोलीत काढलेले असतात. तिथे लाइट जात नाही, व्होल्टेज वरखाली होत नाही. आपल्याकडे म्हापसा घ्या नाहीतर काणकोण, मे महिन्यात दुपारी घरातच ३३-३४ अंश असतात, आणि जून लागला की कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी धरते. तिकडची सेटिंग जशीच्या तशी उचलली की मशीन लटकतं आणि खापर प्रोसेसरवर फुटतं. प्रोसेसर बिचारा क्वचितच दोषी असतो. दोष बहुधा विजेत, हवेत नाहीतर रॅममध्ये निघतो. पैसे वाटतानाही हाच क्रम डोक्यात ठेवा.

खरेदीतले घोळ

सगळ्यात जास्त दिसणारा घोळ म्हणजे ओव्हरक्लॉक करायचं ठरवून त्याला कुलूप असलेला पार्ट आणणं. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड, दोन्ही लागतात. आय५-१२४००एफ कितीही महागड्या बोर्डवर बसवा, मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) हलणार नाही. एएमडीत बी आणि एक्स मालिकेचे बहुतेक बोर्ड चालतात. ए५२०, ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. एच६१० वर तर रॅमचा वेगही मर्यादेपलीकडे नेता येत नाही, म्हणजे महागडी वेगवान रॅम तिथे वाया जाते. आणि इंटेलच्या नावातला ‘एफ’ म्हणजे आत स्वतःचं ग्राफिक्स नाही, वेगळ्या कार्डाशिवाय स्क्रीनवर काही दिसत नाही. ग्राफिक्स कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ म्हणणाऱ्यांनी हे अक्षर आधी वाचावं. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीची रॅम दुसरीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. जोर लावू नका.

दुसरा घोळ एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा. कॅबिनेटसोबत फुकट आलेला ‘४५० वॉट’चा डबा हातात घेऊन बघा, वजनावरूनच अंदाज येतो. स्टिकरवरचा मोठा आकडा सोडा, १२ व्होल्टच्या ओळीवर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तिथूनच खातात. ‘८० प्लस’ हा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे. आतले कपॅसिटर कसे आहेत, ओव्हरव्होल्टेजचं संरक्षण आहे का, हे तो सांगत नाही. त्यापेक्षा वॉरंटी किती वर्षांची ते विचारा. कंपनीचा स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते तिथे कळतं. ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घ्या, पण इथे हात आखडू नका.

मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलला तर जुन्याच्या केबल काढून टाका. एसएमपीएसकडच्या टोकाची जुळणी प्रत्येक कंपनीची, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी असते. प्लग आरामात बसतो, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जाऊन हार्डडिस्क क्षणात जाते.

बरेच जण माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा बंगळूरच्या एसपी रोडवरून आणतात. आणा, पण सिरीयल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घेऊनच या. जोडलेलं मशीन बसने आणणार असाल तर ग्राफिक्स कार्ड आणि जड टॉवर कूलर काढून वेगळे बांधा. चोर्ला घाटाच्या वळणांवर दीड किलोचं कार्ड स्लॉटमध्ये लोंबकळत राहिलं तर घरी येईपर्यंत स्लॉटच तडकलेला असतो.

वीज: इथेच अर्धी दुखणी

मशीन चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हाताची मागची बाजू हळूच लावा. झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, माणसाला सहसा काही होत नाही, पण एचडीएमआय किंवा यूएसबी लावता-काढताना ठिणगी पडून पोर्ट मरू शकतो. जुन्या घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो, तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. कुठे वायर असते, पण चिऱ्याची जमीन एप्रिल-मेत वाळून दगड होते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. तिथे पाणी ओततात ते उगाच नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मशीन ‘आपोआप रिस्टार्ट होतं’ म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यात) रात्री जागवण्याआधी हे करा.

यूपीएसचं गणित: दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॉटचाच भार पेलतो. मिड-रेंज ग्राफिक्स कार्डावर गेम चालू असताना लाइट गेली की तो किंचाळतो आणि सगळं एकदम बंद. ओव्हरक्लॉकने हा भार आणखी वाढतो. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवत असाल तर मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघा. नॉर्मल मोडमध्ये लाइटवरून बॅटरीवर जायला लागणारा वेळ एसएमपीएस पेलू शकत नाही, कारण त्याच्या पोटातला साठा सेकंदाच्या साठाव्या भागाइतकाच टिकतो.

बायोस अपडेटही याच हिशेबात येतं. ते टाळू नका: २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डीचे काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणारं व्होल्टेज) १.३ वर बांधलं, आणि २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीची व्होल्टेजची दुखणी नव्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांनी) आवरली. दोन्ही दुरुस्त्या बायोसमधूनच आल्या. फक्त जुलैच्या वादळी संध्याकाळी अपडेट करायला बसू नका. मध्येच लाइट गेली तर बोर्डच बसतो. सकाळी, आभाळ मोकळं असताना, यूपीएसवर करा.

दमट हवा, लाल धूळ

चालू मशीनमध्ये पाणी साचेल ही भीती सोडा. प्रोसेसरवरचा एअर कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, म्हणून त्यावर दव धरत नाही. धोका उलट आहे, तो पावसाळ्यात बंद ठेवलेल्या मशीनला. चवथीला गावी जाऊन आठवडाभराने परत आलं की स्क्रीन काळी, बोर्डावरचा डीआरएएमचा (रॅमच्या बिघाडाचा) दिवा पेटलेला. बहुतेक वेळा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर अगदी पातळ थर चढलेला असतो. रॅम काढा, पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवा. खोडरबर घासायची जुनी युक्ती चालते, पण रोज घासायला ते सोनं जाड नसतं. पावसाळ्यात मशीन रोज तासभर चालू ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. आतली ऊब ओल टिकू देत नाही.

समुद्राकाठी मीठ, डिचोली-सांगे पट्ट्यात लाल धूळ. ती कूलरच्या पात्यांत जाऊन ओलीने घट्ट बसते. नुसत्या ब्लोअरने सुटत नाही, आधी कोरड्या ब्रशने मोकळी करावी लागते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरा, गरगर फिरू देऊ नका. आत येणाऱ्या प्रत्येक पंख्यापुढे जाळी हवी. काचेच्या बंद तोंडाचं शोभेचं कॅबिनेट आपल्या हवेत घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्यांदा चालूच होत नाही

घाबरून सगळं उलगडू नका. डीडीआर५ चा बोर्ड पहिल्या वेळी रॅमची ओळख करून घेतो, त्यात काही मिनिटं काळी स्क्रीन राहते. मध्येच बटण दाबलंत तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतरही काही नाही, तर वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची केबल, कूलरच्या तळाचा न काढलेला प्लास्टिकचा पापुद्रा, आणि एचडीएमआय मदरबोर्डऐवजी ग्राफिक्स कार्डात आहे ना, हे बघा. रॅमच्या दोन काड्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. एएम४ वर (एएमडीच्या जुन्या सॉकेटवर) कूलर उपटताना प्रोसेसर चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन तापवा, बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

ओव्हरक्लॉकिंग, एकदाचं

१९९८ साली सेलेरॉन ३००ए वर बसचा वेग ६६ वरून १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर धावायचा. पन्नास टक्के फुकट! ते दिवस गेले. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच स्वतःला शेवटापर्यंत ताणून येतात. हाताने फार तर थोडे टक्के मिळतात. किंमत मात्र पूर्ण मोजावी लागते, कारण खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. १.२० चं १.३० व्होल्ट आणि वेग पाच टक्के वर नेलात, की उष्णता साधारण २३ टक्के वाढली. बाहेरच्या व्हिडिओत २२ अंशांच्या खोलीत ७८ दिसलेला प्रोसेसर आपल्या ३४ अंशांत सरळ ९० वर बसतो. मग तो स्वतःच वेग कमी करतो, आणि ओव्हरक्लॉक करून मशीन हळू होतं.

म्हणून गोव्यात उलटी वाट धरा: आधी अंडरव्होल्ट, म्हणजे व्होल्टेज कमी करणं. रायझन ५००० पासून पुढच्या बहुतेक प्रोसेसरवर कर्व्ह ऑप्टिमायझर (बायोसमधलं व्होल्टेज घटवायचं सेटिंग) उणे १० पासून सुरू करा. व्होल्टेज घटलं की तापमान घटतं आणि बूस्ट (प्रोसेसर स्वतःहून घेतो तो जादा वेग) आपणहून वाढतो. इथे एक फसवी गोष्ट आहे. जास्त उणे गेलात तर मशीन पूर्ण भाराखाली पडत नाही; सिनेबेंच ही भाराची चाचणी तासभर मजेत चालते, आणि रात्री नुसतं डाउनलोड लावून ठेवलेलं असताना रिस्टार्ट होतं, कारण हलक्या भारावरच कोअर सगळ्यात उंच वेगाला जाते. एकेक कोअर तपासायला कोअरसायकलर हा प्रोग्रॅम वापरा.

रॅमसाठी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारं तयार सेटिंग) लावा. ते न लावता महिनोन्‌महिने मंद रॅमवर बसलेले पुष्कळ आहेत. पण लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी चालवा. एकही चूक आली तर त्या रॅमवर विंडोज टाकू नका, फायली हळूहळू सडतात. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा वेग वाढवताना गेमच्या फ्रेम मोजत राहा. नवी मेमरी चूक पकडून माहिती पुन्हा पाठवते, त्यामुळे क्रॅश न होता वेग उलट घटतो.

एका वेळी एकच आकडा बदला. आणि डिसेंबरात स्थिर झालेलं सेटिंग पक्कं मानू नका, त्याची परीक्षा एप्रिल-मेच्या दुपारी.

लक्षणांवरून चोर ओळखायचा तर: गेममध्ये निळ्या स्क्रीनशिवाय खटकन बंद, तर एसएमपीएस किंवा यूपीएस. दर वेळी वेगळ्या कोडची निळी स्क्रीन, ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळणं, ही रॅम. विंडोजच्या नोंदीत ‘व्हीया’च्या (WHEA, हार्डवेअरच्या) चुका, तर बहुधा प्रोसेसरला दिलेलं व्होल्टेज कमी. नुसता गेम बंद होऊन डेस्कटॉपवर येत असाल, तर आधी कार्डाचा क्लॉक मूळ जागी आणा.

बायोसमध्ये शिरताच येत नसेल तर वायर काढून बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी पाच-दहा मिनिटं काढून ठेवा, सगळं मूळ पदावर येतं. चालणारं सेटिंग प्रोफाइलमध्ये सेव्ह करा आणि प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटोही काढा, कारण पुढच्या बायोस अपडेटला प्रोफाइल बहुतेक वेळा पुसलं जातं.