पायलटच्या अर्जात जुनी ट्रॅफिक तिकिटं: अमेरिकेत उड्डाण शिकणाऱ्यांसाठी माझा अनुभव

२०१६ साली व्हर्जिनिया राज्यातल्या ब्लॅक्सबर्गहून घरी येताना इंटरस्टेट ८१ या महामार्गावर पोलिसाने मला थांबवलं. मी एकोणीस वर्षांची होते. मर्यादा ताशी ७० मैल, माझा वेग ९१. हातात पडलेल्या तिकिटावर, म्हणजे चलानावर, ‘स्पीडिंग’ नव्हतं, ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ (बेदरकारपणे गाडी चालवणं) होतं. बाबा म्हणाले, “दंड भरून टाक आणि विसर.” सांगलीत चलान भरलं की विषय मिटतो, त्याच हिशेबाने ते बोलले. पण व्हर्जिनियात तेव्हा ८० मैलांच्या वर (२०२० पासून ८५) किंवा मर्यादेहून २० मैल जास्त वेगाने गाडी चालवली, की तो फौजदारी गुन्हा ठरायचा, क्लास १ मिसडिमीनर (कमी गंभीर गुन्ह्यांतला सगळ्यात वरचा वर्ग). कायद्यात त्याला बारा महिन्यांपर्यंत कैद आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड आहे. ऑनलाइन पैसे भरून सुटका नव्हती, कोर्टात उभं राहावं लागलं.

वकील केला. न्यायाधीशांनी आठ तासांच्या ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंट वर्गाला पाठवलं आणि तो पूर्ण झाल्यावर आरोप साध्या स्पीडिंगवर आणला. रेकलेसची शिक्षा झाली असती तर तिची नोंद राज्याच्या रेकॉर्डवर ११ वर्षं राहिली असती. मी सुटकेचा श्वास सोडला आणि सगळे कागद फेकून दिले. यात माझी खरी चूक कोणती, तर कागद फेकणं.

तीन वर्षांनी पायलट व्हायचं ठरलं आणि मेडिकलचा, म्हणजे पायलटला लागणाऱ्या आरोग्य प्रमाणपत्राचा, एफएएचा (अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामक संस्थेचा) फॉर्म भरायला बसले. त्यात १८व्या प्रश्नाचा ‘व्ही’ भाग नीट, शब्द न् शब्द वाचा. दारूच्या किंवा इतर नशेत गाडी चालवल्याबद्दल अटक किंवा शिक्षा झाली आहे का, हे तो विचारतोच. शिवाय ज्या गुन्ह्यामुळे गाडीचं लायसन्स निलंबित किंवा रद्द झालं, किंवा एखाद्या शैक्षणिक वा पुनर्वसनाच्या कार्यक्रमाला जावं लागलं, तेही विचारतो. साधं वेगाचं तिकीट, दंड भरला, बाकी काही नाही, तर ते तिथे सांगावं लागत नाही. माझं तिकीट शेवटी साधंच ठरलं होतं, पण कोर्टाने वर्गाला पाठवलं होतं. मी ‘होय’ लिहिलं, खाली दोन ओळींत हकिकत दिली आणि कोर्टाकडून नव्याने मागवलेली प्रमाणित प्रत घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी प्रत पाहिली, नोंद केली आणि त्याच दिवशी मेडिकल दिलं. ‘नाही’ लिहिलं असतं आणि नंतर उघड झालं असतं तर? जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याबद्दल एफएए मेडिकलच काय, पायलटची सगळी लायसन्सं रद्द करू शकते. मग वर्षभर नव्याने अर्जही करता येत नाही.

एअरलाइनचा अर्ज हे वेगळं प्रकरण आहे, आणि नवीन मुलं इथेच गोंधळतात. एफएएला जे सांगावं लागत नाही, ते एअरलाइन विचारू शकते. कुणी मागची तीन वर्षं विचारतं, कुणी दहा, कुणी ‘आयुष्यात कधीही’. ‘दोषी ठरलात का’ आणि ‘आरोप ठेवला गेला होता का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्या बाबतीत, मिसडिमीनरबद्दल विचारलं तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं ‘होय’. म्हणून मी प्रत्येक अर्जातला प्रश्न जसाच्या तसा वहीत उतरवायचे आणि कोर्टाच्या कागदाशी ताडून मगच उत्तर लिहायचे. आठवणीवर भिस्त ठेवू नका. तारीख, ठिकाण, मूळ आरोप, अंतिम निकाल, सगळं कागदावरून घ्या.

कामावर घेण्याआधी एअरलाइनला तुमच्या लेखी संमतीने नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर, म्हणजे वाहनचालकांची देशपातळीवरची नोंदवही, तपासावंच लागतं. १९९६ च्या पायलट रेकॉर्ड कायद्यापासून हे चालत आलं आहे, आणि २०२१ च्या नव्या पायलट रेकॉर्ड डेटाबेसच्या नियमातही ते कायम आहे. या रजिस्टरमध्ये साधी तिकिटं नसतात. लायसन्स निलंबित किंवा रद्द झालेले, नशेत गाडी चालवलेले, रेकलेस ड्रायव्हिंगमध्ये दोषी ठरलेले, अशांची नावं असतात. नोटरी केलेलं पत्र पाठवून आपली नोंद आपल्यालाही मागवता येते. मी ती मागवली आणि ज्या ज्या राज्यात माझं लायसन्स होतं तिथलं पूर्ण ड्रायव्हिंग रेकॉर्डही काढलं.

हे करायला मला माझ्या वर्गमित्राच्या प्रकरणाने शिकवलं. दुसऱ्या राज्यात त्याला एक किरकोळ तिकीट मिळालं होतं. मधल्या काळात त्याने घर बदललं, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, दंड राहून गेला आणि लायसन्स निलंबित झालं. त्याला वर्षभर हे कळलंच नाही. आता ते निलंबन मेडिकलच्या फॉर्ममध्ये ‘होय’ होतं आणि रजिस्टरमध्येही होतं. मूळ तिकीट शंभर-सव्वाशे डॉलरचं. पुण्या-नाशिकहून एम-१ व्हिसावर (व्यावसायिक प्रशिक्षणाच्या व्हिसावर) येणारी मुलं दर सहा महिन्यांनी खोली बदलतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते: लायसन्सवरचा पत्ता बदला आणि दंड वेळेत भरा.

दारूचं मात्र वेगळं. तिथे नुसती अटक झाली तरी पुढच्या मेडिकल फॉर्ममध्ये सांगावी लागते. शिवाय शिक्षा झाली किंवा त्या कारणाने गाडीचं लायसन्स गेलं, तर ६० दिवसांत एफएएच्या सुरक्षा विभागाला वेगळं पत्र द्यावं लागतं. मेडिकलमध्ये लिहिलं म्हणून पत्र सुटत नाही, पत्र दिलं म्हणून मेडिकलमधलं उत्तर सुटत नाही. तीन वर्षांत अशा दोन घटना झाल्या तर पायलटचं लायसन्सच धोक्यात येतं. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या गावीही नसते. कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवणं गंभीर गुन्ह्यात धरलं आहे, त्यामुळे अशी शिक्षा असलेल्याला तिथे प्रवेश नाकारला जाऊ शकतो. टोरंटोला जाऊ न शकणारा पायलट ड्यूटीवर लावायचा कसा, हा एअरलाइनपुढचा व्यवहाराचा प्रश्न आहे. अशा प्रकरणात इंटरनेटवरच्या सल्ल्याने एकही ओळ लिहू नका. विमानवाहतुकीचे खटले पाहणारा वकील गाठा.

माझ्या इंटरव्ह्यूत तिकिटाचा विषय निघाला. मी घरून उत्तर तयार करून गेले होते: “एकोणीस वर्षांची असताना ७० च्या रस्त्यावर ९१ ने गाडी चालवली. चूक माझी होती. कोर्टाने वर्गाला पाठवलं, आरोप स्पीडिंगवर आला, त्यानंतर एकही तिकीट नाही.” रस्ता रिकामा होता, सगळेच वेगात होते, पोलीस कडक होता, यातलं काही बोलले नाही. समोरच्या कॅप्टननी अर्जातली तारीख आणि कोर्टाच्या कागदावरची तारीख जुळवून पाहिली, कागद बाजूला ठेवला आणि पंखांवर बर्फ साचल्यावर काय कराल ते विचारलं.

त्या रीजनल (छोट्या, प्रादेशिक) एअरलाइनमध्ये मी आता फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. सध्या मोठ्या एअरलाइनचा अर्ज भरते आहे. त्यात ‘आयुष्यात कधीही’ असं विचारलं आहे, म्हणून २०१६ ची फाइल टेबलावर काढून ठेवली आहे.