रेडिएशन चालू असताना त्वचेच्या बाबतीत या चुका टाळा

स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन सुरू झालं की पहिले काही दिवस त्वचेवर फारसं काही दिसत नाही, आणि गाफीलपणा तिथेच येतो. लाली, खाज, कोरडेपणा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. काळजी मात्र पहिल्या दिवसापासूनच घ्या.

त्या जागेला पाणी लावायचं नाही, असं अजूनही अनेकींना सांगितलं जातं. तसं काही नाही. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने रोज खुशाल आंघोळ करा. फक्त घासू नका, मऊ कापडाने टिपून घ्या. रेडिएशनची जागा दाखवणाऱ्या शाईच्या खुणा असतील तर त्या जपा. पुसट झाल्या तर स्वतः गिरवू नका, टेक्निशियनला सांगा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते स्तनाखालच्या घडीकडे आणि काखेकडे. तिथे कातडीला कातडी घासते, घाम साठतो, आणि आरशासमोर उभं राहिलं तरी ती जागा दिसत नाही. रोज स्तन हलकेच उचलून हातातल्या आरशात बघा. त्वचा लालभडक, ओलसर, चकाकणारी दिसली किंवा कपड्याला पाण्याचा डाग लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा जागी पावडर टाकू नका, ओलीत तिचे गोळे होतात. सुटत आलेली साल ओढू नका. तारेची ब्रा या काळात नकोच. मऊ, सैल, सुती कपडे घाला.

मलमाच्या बाबतीत दोन चुका होतात. एक, सेशनच्या अगदी आधी जाड थर लावणं. त्याने वरच्या त्वचेला जास्त डोस बसू शकतो. दुसरी, कुणाला तरी लागू पडलेलं मलम किंवा घरगुती लेप स्वतःच्या मनाने लावणं. स्टेरॉइड क्रीमचा काही जणींना चांगला उपयोग होतो, पण ते डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. डिओडरंट त्वचा अखंड असेपर्यंत सहसा चालतो, सोलवटल्यावर बंद. शेकायची पिशवी, थेट बर्फ, वॅक्सिंग, चिकटपट्टी या सगळ्यांपासून ती जागा लांब ठेवा.

‘सांगितलं तर ट्रीटमेंट थांबवतील’ या भीतीने गप्प बसणाऱ्या खूप जणी असतात. कृपा करून असं करू नका. बहुतेक वेळा मलम बदलून किंवा न चिकटणारं ड्रेसिंग देऊन काम भागतं, उपचार चालू राहतात. उलट दडवलेल्या जखमेत इन्फेक्शन झालं, तर खंड पडायची वेळ येऊ शकते. ताप, पू किंवा दुर्गंधी असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

शेवटचं सेशन झालं की सगळं संपलं, असं समजून काळजी सोडू नका. त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत त्वचा बऱ्याचदा आणखी बिघडते. हे अपेक्षितच असतं, घाबरू नका. साधारण चार ते सहा आठवड्यांत ती भरत येते. नवी त्वचा नाजूक असते, म्हणून किमान वर्षभर तो भाग उन्हात झाका आणि उघडा राहत असेल तिथे सनस्क्रीन लावा.