जुनी कॉन्टेसा ट्रॅकसाठी तयार करताना या चुका टाळा

भारतात मसल कार, म्हणजे दणकट बांध्याची दमदार गाडी, म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा उभी राहते. व्हॉक्सहॉल व्हिक्टर या ब्रिटिश गाडीवर बेतलेली, लांब बोनेटची आणि मागच्या चाकांवर चालणारी ही गाडी १९८४ पासून २००२ पर्यंत तयार होत होती. सुरुवातीच्या १.५ लिटर इंजिनाची ताकद सुमारे ५० अश्वशक्ती होती आणि नंतर आलेल्या १.८ लिटर इसुझू इंजिनाचीही शंभराच्या आतच राहिली. त्यामुळे विशी-बाविशीतला मुलगा अशी गाडी घेतो तेव्हा त्याचा पहिला विचार इंजिन बदलण्याचा असतो, आणि हातातले बहुतेक पैसे तिथेच संपतात. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. ट्रॅकवर गाडी आधी सांध्यांत घट्ट असावी लागते, मग थांबावी लागते, मग थंड राहावी लागते आणि ताकदीचा क्रमांक त्यानंतर लागतो.

गोव्यात तर पहिली तपासणी गंजाचीच करायला हवी. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा धुवाधार पाऊस यांमुळे इथली जुनी गाडी आतून बाहेर कुजते. माझ्या भाच्याने म्हापशाजवळ एक कॉन्टेसा पाहिली, तिचा रंग नवा आणि चकचकीत होता. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी पोकळ पट्टी जाते, तिच्यावर मी कापडात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवला, तर वीतभर जागेत तो चिकटेचना. तिथे खालून स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला, तो दांड्यापर्यंत आत गेला आणि हातावर आधी पांढऱ्या पुट्टीचा तुकडा व मग ओलसर तपकिरी भुगा पडला. या गाडीला वेगळी चेसिस नाही, तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे. ही पट्टी कुजलेली असेल, तर वळणावर गाडी पिळवटते आणि नवे स्प्रिंग, नवे शॉक ॲब्झॉर्बर वाया जातात. गाडीच्या कुजलेल्या तळपत्र्यावर वेल्ड केलेला रोल केज, म्हणजे चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, तर अपघातात पत्रा फाडून निघतो. गंजावरून डांबरी लेप मारून घेणे ही त्याहून वाईट चूक आहे, कारण ओल आतच कोंडली जाते. चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करावा, पोकळीत मेण-तेलाचा फवारा मारावा आणि दाराखालची पाणी निचऱ्याची भोके मोकळी करावीत. हे काम मे महिन्यात संपवावे, चवथीपर्यंत लांबवू नये, कारण भर पावसात उघडा पत्रा एका रात्रीत लालसर होतो.

गाडी थांबत नसेल तर पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे ब्रेक ऑइल. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते आणि ती सगळी उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओल शोषलेल्या ऑइलसाठी मान्य किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. चार-पाच फेऱ्यांनंतर पॅडल मऊ पडून तळाला टेकू लागले, तर ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत असे समजावे. पॅडल घट्ट असूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड किंवा लायनिंग (चाक घासून थांबवणारे भाग) तापून पकड सोडत आहे. ही दोन दुखणी वेगळी असून त्यांचे उपायही वेगळे आहेत. पहिल्यासाठी ऑइल बदलून हवा काढावी, दुसऱ्यासाठी अधिक तापमान सोसणारे पॅड घ्यावेत. कॉन्टेसाला मागे ड्रम ब्रेक आहेत. पुढे दुसऱ्या गाडीचे मोठे कॅलिपर (पॅड दाबणारे भाग) बसवून मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलच्या दाबाने ऑइल ढकलणारा पंप, जुनाच ठेवला, तर मोठ्या पिस्टनांना जास्त ऑइल लागते, पॅडल लांब जाते आणि पुढच्या-मागच्या ब्रेकांचा तोलही बिघडतो. जुने ड्रम उघडताना आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, कारण जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा.

गाडी तापत असेल तर अनेक मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, काढून टाकायला सांगतात. त्याने तुंबलेला रेडिएटर मोकळा होत नाही. रेडिएटरला विहिरीचे क्षारयुक्त पाणी न घालता शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून वापरावे. आता पंपावर मिळणाऱ्या इ२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची डायफ्रॅम मऊ पडून फुगतात, म्हणून ते सर्व इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे बसवून घ्यावेत. पेट्रोलची गळती तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळीवर) झाली, तर गाडीत कुठेतरी सुटे ठेवलेले अग्निशामक नळकांडे हाताशी येत नाही. ते चालकाच्या हाताला लागेल असे पक्के बसवावे.

लांब वळणावर संपमधले, म्हणजे इंजिनाखालच्या तबकातले, इंजिन ऑइल एका बाजूला सरकते, पंपाची नळी उघडी पडते आणि काही क्षणांत बेअरिंग जाते. डॅशबोर्डवरच्या जुन्या दिव्यावर विसंबू नका, ऑइल प्रेशरचा काटा बसवा. वळणात तो पडू लागला, तर संपमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्या आणि डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेपर्यंत ठेवा.

आणि दुसरे इंजिन घालायचेच असेल, तर आधी कायदा पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलात मनाप्रमाणे बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. नोंदणी रस्त्याची आणि इंजिन वेगळे अशी गाडी पुढे अडचणीत येते.

टायर जाडी पाहून घेऊ नका. त्यांच्या बाजूवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. न वापरता पडून राहिलेला दहा वर्षांचा टायर दिसायला नवा असला, तरी त्याचे रबर कडक झालेले असते.

गोव्यात मोटार शर्यतींसाठी कायमस्वरूपी ट्रॅक नाही, म्हणून चोर्ला किंवा अनमोड घाटात गाडीची परीक्षा घेण्याचा मोह अनेकांना होतो. हे कधीही करू नका. समोरून खनिजाचा ट्रक किंवा शाळेची बस येते आणि बाजूला पळायला जागा नसते. कोइंबतूरजवळचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट दूर आहेत, पण तिथे रुग्णवाहिका, मार्शल (ट्रॅकवर सुरक्षेसाठी उभी माणसे) आणि मोकळी बाजू असते. गाडी ट्रकवर लादून न्या, म्हणजे बिघाड झाला तरी परत आणता येईल. पहिल्या दिवशी चार-पाच फेऱ्यांनंतर एक फेरी सावकाश मारा आणि पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) थांबताच हँडब्रेक ओढू नका, कारण तापलेल्या ड्रमला लायनिंग चिकटते. गाडी गिअरमध्ये टाका, चाकाखाली लाकडाची ठोकळी सरकवा आणि मग बोनेट उघडा.