गाडीचं कोणतं काम घरी, कोणतं शोरूमला?

विदर्भातल्या खेड्यातून सर्व्हिस सेंटर गाठायचं म्हणजे नागपूर, अमरावती नाहीतर यवतमाळ. म्हणून बिलात जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि मोडलेला दिवसही धरा.

वॉरंटी चालू असेल तर ठरलेलं सर्व्हिसिंग तिकडेच करा, बिलं जपून ठेवा. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, एसीचा गॅस यांना तर घरी हातच लावू नये.

एअर फिल्टर मात्र स्वतः बघा. पांदण रस्त्याची धूळ आणि हंगामातलं कुटार (पिकाचा भुसा) यांनी तो लवकर भरतो. धुळीच्या भागात तो लवकर बदला, असं गाडीसोबतच्या पुस्तकातही बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा हातानेच निघतात. कागदी फिल्टर धुवू नका. पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्यायची तर इंजिनाकडच्या स्वच्छ बाजूने, कमी दाबाने, जरा लांबून. कागद फाटला की धूळ थेट इंजिनात जाते, मग नवाच टाका. डब्याच्या तळाशी साचलेली माती ओलसर फडक्याने पुसा (घाईत मेकॅनिकही हे सोडून देतात).

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी सकाळी, इंजिन गार असताना बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. टायरची हवाही थंड टायरवरच मोजा आणि बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळ लावलेल्या स्टिकरप्रमाणे भरा. उन्हाळ्यात हवा कमी ठेवा म्हणणारे चौकाचौकात भेटतात. त्यांचं ऐकू नका, कमी हवेनेच टायर जास्त तापतो.