नोंदणी, करार आणि नोटीस: नाशिकच्या केबलचालकांनो, या चुका टाळा

केबलचालकाचे बरेच वाद सुनावणीपर्यंत पोचायच्या आधीच हातचे जातात. कधी मुदत टळलेली असते, कधी कागद अपुरे असतात, तर कधी अर्ज भलत्याच दारात दिलेला असतो. सिडको असो की सातपूर, बाजू खरी असूनही सिग्नल बंद पडतो आणि ग्राहक डिशकडे वळतात. हे नुकसान टाळता येतं.

नोंदणीसाठी अजून पोस्टात जाणं

पूर्वी मुख्य टपाल कार्यालयात ५०० रुपये भरले की वर्षभराची नोंदणी मिळायची. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांतल्या १७ जानेवारी २०२५ च्या दुरुस्तीने ती पद्धत संपली. आता माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर अर्ज करायचा. शुल्क ५,००० रुपये आणि मुदत ५ वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ९० दिवस आधी गेला पाहिजे. जुनी नोंदणी तिच्या मुदतीपर्यंत चालते, पण ९० दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर थांबू नका.

अर्ज बहुधा नावावर अडकतो. आधार आणि पॅनची पडताळणी ऑनलाइन होते. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आणि पॅनवर नुसतं आद्याक्षर असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या. एमएसओबरोबरचा (म्हणजे तुम्हाला सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीबरोबरचा) करार ‘अमुक केबल नेटवर्क’च्या नावाने आणि नोंदणी मालकाच्या नावाने, हा घोळ अर्जाच्या वेळी खुपत नाही. पण वाद उभा राहिला की समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. अर्ज नाकारला गेला तर अपिलाला ३० दिवस आहेत.

तोंडी करार

‘आपलं वीस वर्षांचं नातं आहे’ या भरवशावर वाटा ठरतो आणि तिथेच फसगत होते. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१७ च्या इंटरकनेक्शन नियमांनुसार लेखी कराराशिवाय सिग्नल देता-घेता येत नाही. सही झाल्यावर १५ दिवसांत कराराची प्रत एलसीओच्या, म्हणजे तुमच्यासारख्या स्थानिक केबलचालकाच्या, हातात पडली पाहिजे. ती आली नाही तर ईमेल करून मागा. नेटवर्क शुल्काच्या वाटणीवर दोघांचं जमलं नाही, तर नियमातली ठरलेली वाटणी लागू होते: एमएसओला ५५ टक्के, एलसीओला ४५.

दर महिन्याला एमएसओच्या प्रणालीतले चालू बॉक्स आणि तुमच्या वहीतले चालू बॉक्स ताडून पाहा. बंद झालेल्या घरांचे बॉक्स प्रणालीत चालूच राहतात, त्यांची आकारणी साचत जाते आणि पुढे तीच ‘बाकी’ म्हणून नोटिशीत येते. बॉक्स बंद करायला सांगितल्याचा ईमेल नसेल, तर ही रक्कम खोडून काढणं फार जड जातं.

एमएसओ बदलताना रातोरात बॉक्स बदलू नका. जुन्याला २१ दिवसांची लेखी सूचना द्या. त्याच्या मालकीचे बॉक्स परत करताना प्रत्येक बॉक्सचा सिरीयल नंबर, व्हीसी कार्डचा (बॉक्समधल्या व्ह्यूइंग कार्डचा) नंबर, रिमोट आणि अडॅप्टर अशी यादी करा आणि तिच्यावर सही-शिक्क्याची पोच घ्या. ‘१४० बॉक्स मिळाले’ एवढ्या एका ओळीची पोच कामाची नाही.

२१ दिवस वाया घालवणं

सिग्नल तोडण्याआधी एमएसओला कारणासह तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस हातात आली की आधी पाकीट जपून ठेवा, टपालाचा शिक्का पुढे तारखेचा पुरावा ठरतो. दोन-तीन दिवसांत लेखी उत्तर द्या, खातेउतारा मागा आणि जी बाकी तुम्हाला मान्य आहे ती ‘हक्क राखून’, म्हणजे उरलेल्या रकमेवरचा वाद सोडलेला नाही असं लिहून, बँकेतून भरा. अंतरिम दिलासा (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश) मागताना त्याने बाजू बळकट होते. मुदत संपायच्या आत याचिका दाखल व्हायला हवी. बंद झालेला सिग्नल पुन्हा सुरू करून घेणं जास्त कठीण असतं.

चुकीचं दार

एमएसओ आणि एलसीओ यांच्यातला वाद ट्राय कायदा, १९९७ च्या कलम १४ खाली दिल्लीच्या टीडीसॅटकडे, म्हणजे दूरसंचार वाद निवारण आणि अपील न्यायाधिकरणाकडे, जातो. कलम १५ मुळे दिवाणी न्यायालयाला तो ऐकता येत नाही, म्हणून नाशिक कोर्टात मनाईहुकूम मागण्यात मोलाचे आठवडे जातात. ट्रायकडे तक्रार करूनही तुमच्या बाकीचा निवाडा होत नाही, कारण ट्राय नियम बनवतं आणि निवाडा टीडीसॅट करतं. टीडीसॅटच्या अंतिम आदेशावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात, ९० दिवसांत. एकट्या ग्राहकाची तक्रार मात्र जिल्हा ग्राहक आयोगाकडेच जाते.

लोकल चॅनेल

मंत्रालयाच्या ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्थानिक चॅनेल ही एमएसओची ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’, म्हणजे त्याने स्वतः चालवलेली सेवा, आहे. त्याची ऑनलाइन नोंदणी करायची, चॅनेलमागे १,००० रुपये. स्थानिक बातम्या द्यायच्या तर एमएसओ कंपनी असावी लागते. एका एमएसओचा कार्यक्रम दुसऱ्याला देता येत नाही, मात्र मंदिरांसारख्या धर्मस्थळांच्या थेट प्रक्षेपणाला सूट आहे. सिंहस्थात ही सूट उपयोगी पडेल, पण स्टुडिओतली चर्चा तिच्यात बसेल असं गृहीत धरू नका.

सगळ्यात महाग पडते ती रेकॉर्डिंगची हेळसांड. ९० दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवणं बंधनकारक आहे. हार्ड डिस्क भरली की जुनं पुसून टाकलं जातं आणि नेमकी त्याच बुलेटिनवर कारणे दाखवा नोटीस येते. केबल कायद्याखाली कारवाई करणारे प्राधिकृत अधिकारी म्हणून शहरात पोलीस आयुक्त असतात, निफाड-येवल्याकडे प्रांताधिकारी, आणि जिल्हाधिकारीही असतातच. नोटिशीतली तारीख, वेळ आणि कलम तपासा, तक्रारीची प्रत मागा, मुद्देनिहाय उत्तर द्या आणि प्रत्यक्ष सुनावणी लेखी मागा. आदेशात कारणं नसतील तर तो मुद्दा अपिलात जरूर घ्या. ५ एप्रिल २०२३ रोजी माध्यमम ब्रॉडकास्टिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चॅनेलचं नूतनीकरण नाकारणारा आदेश रद्द केला. नाकारण्याची कारणं चॅनेलला न सांगता बंद लिफाफ्यात न्यायालयाला दिली होती, हे त्या निकालाच्या केंद्रस्थानी होतं.