आखाडी बोकडाचं उरलेलं धुऱ्यावर फेकू नका, कुटारात घाला

आखाड लागला की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वर पट्ट्यात चार-पाच घरं मिळून बोकड घेतात. वाटे पडतात आणि मागे पाटीभर ऐवज उरतो: रगत, कोथळ्यातला चोथा, आतडी, खुरं, शिंगं, कातडं. कुटारात (मळणीनंतर उरलेल्या भुशात) घालून त्याचं खत करता येतं, पण तो बहुतेक वेळा धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) नाहीतर नाल्यात जातो. पावसाचे दिवस, दुसऱ्याच दिवशी वास सुटतो, तिसऱ्या दिवशी गावभरची कुत्री जमतात. रामटेक-पारशिवनीकडच्या जंगलालगतच्या गावांत त्या कुत्र्यांच्या मागावर बिबट येतो. (हे सगळं खेड्यातल्यांसाठी. नगरपालिका-महानगरपालिकेच्या हद्दीत 2001 च्या नियमांप्रमाणे परवानाधारक कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही.)

आधी हिशेब मांडू. 25 किलोच्या बोकडाचं रगत साधारण एक लिटर निघतं. त्यात नत्र जेमतेम 30 ग्रॅम, म्हणजे 65 ग्रॅम युरियाएवढं. मूठभर. रगत ओतलं की संत्र्याचं झाड काळंभोर होतं, असं पारावर कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. एका बोकडाने खताची गोणी वाचत नाही. पण आखाडापासून पोळ्याच्या करीपर्यंत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत) मोहल्ल्यात जेवढे बोकड नि कोंबड्या कापल्या जातात, त्यांचं सगळं एका ढिगात घातलं तर हाती काहीतरी लागतं. आणि घाण, माश्या, कुत्री जातात, तो फायदा वेगळाच.

मी एका पावसाळ्यात नको ती हुशारी केली होती. संत्र्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर खड्डा केला, सगळं त्यात पुरलं. रात्री रानडुकरं आली. सकाळी पाहतो तर आळं उकरलेलं, मुळ्या उघड्या, बुंध्याची साल सोललेली. त्याच झाडाला पुढे डिंक्या (बुंध्यातून डिंक पाझरण्याचा रोग) लागला. पावसाळ्यात आपल्या काळ्या जमिनीत खड्ड्यात पाणी साचतं, आतला माल कुजण्याऐवजी सडतो आणि बुंध्याजवळची ओल डिंक्याच्या बुरशीला आयतीच मिळते. म्हणून पावसाळ्यात खड्डा नको, जमिनीवर ढीग करा.

जागा उंचावरची, विहीर आणि नाल्यापासून किमान शंभर फूट लांब. खाली फूटभर तोडलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं), म्हणजे हवा खेळते. त्यावर दीड फूट सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं जुनं कुटार. रगत नुसतं ओतू नका, कुटारात कालवा, ते पिऊन घेतं. आतडी नि बाकीचा माल मधोमध वीतभर जाडीत पसरा, चारी कडांपासून फूटभर आत. कोथळ्यातला चोथा वरून टाका. त्यात कुजवणारे जंतू मुबलक असतात, विकतचं कल्चर आणायची गरज नाही. शेवटी दोन फूट कुटार आणि वरून उतरती ताडपत्री, पण हवा जाईल अशी. भोवती बोराटीच्या काट्या लावा. ढीग चार फूट लांब, रुंद, उंच तरी हवा, त्याहून लहान ढीग तापत नाही.

तापला का ते पाहायला चार-पाच दिवसांनी लोखंडी सळई आत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर काम चालू आहे. कोमट असेल आणि वास येत असेल तर माल ओला झालाय, कोरडं कुटार वाढवा.

हाडांबद्दल बराच गैरसमज आहे. हाडांच्या चुऱ्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, हे खरं. पण आपली काळी, चुनखडीची जमीन अल्कधर्मी. त्यात हाडातलं स्फुरद विरघळत नाही, वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. त्यामुळे सुपर फॉस्फेट बंद करून हाडं घालणं फसवं आहे. पायाचं सूप करून झालं की हाडं वाळवा, ठिसूळ होतात, मग ठेचून ढिगातच टाका. खुरं, शिंगं, कोंबडीची पिसंही त्यातच. त्यांच्यात नत्र चांगलं असतं, फक्त कुजायला वेळ घेतात.

आता कुत्र्याचं. कलेजी किंवा फुफ्फुसावर हरभऱ्यापासून लिंबाएवढी पांढरट, पाणी भरलेली फोड दिसली तर ती जागा कुत्र्याला कच्ची टाकू नका. त्यात कृमीच्या अळ्या असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून भाजीवर, हातावर आणि मग माणसाच्या पोटात. माणसाच्या यकृतात तशीच फोड तयार होते आणि बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं. भेजाही कच्चा देऊ नका. द्यायचंच असेल तर अर्धा-पाऊण तास खळखळ उकळून द्या. आणि कुत्र्याला जंताची गोळी पशुवैद्यकांना विचारून वेळच्या वेळी.

हे सगळं धडधाकट जनावराचं. आपोआप मेलेलं, नाकातोंडातून काळं रगत आलेलं जनावर उघडूच नका, फाशी (अँथ्रॅक्स रोग) असू शकते. तिचे बीजाणू मातीत अनेक वर्षं जिवंत राहतात. थेट पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. अचानक मेलेल्या कोंबड्याही ढिगात किंवा मांजरापुढे नकोत. 2024 च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ नि एक बिबट दगावले, ते बर्ड फ्लूनेच.

कातड्याला घेणारा ठरलेला असेल तरच राखा. दोन किलोच्या कातड्याला आतल्या बाजूने 800 ग्रॅम खडे मीठ, कापल्यापासून चार तासांच्या आत.

दीड महिन्याने ढीग पलटवा, कोरडा वाटला तर शेणपाणी शिंपडा. डिसेंबरात आंबिया बहाराच्या (उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याच्या) ताणावर संत्र्याची झाडं असतात, म्हणजे त्यांचं पाणी तोडलेलं असतं, तोवर माल भुरभुरीत काळा होतो. ताण तोडताना, म्हणजे पाणी पुन्हा सुरू करताना, तो झाडाच्या घेराखाली, बुंध्यापासून दोन-अडीच फूट सोडून मातीत मिसळा. सांबार (कोथिंबीर), पालक, मुळ्याच्या वाफ्यात नको. चाळताना मुंडीचं हाड, नळ्या सापडतील, त्या पुढच्या ढिगाच्या तळाला टाकायला ठेवा.